पोटातलं ओठावर

'पोटात दुखतंय.'

आयुष्यातली पहिली थाप बहुतेक सगळ्यांनी याच दोन शब्दांत मारलेली असते. गणिताची वही अपुरी, बाहेर पाऊस, पांघरूण मस्त उबदार... आणि आपण आईला सांगतो, पोटात दुखतंय. तापाचं सोंग थर्मामीटर उघडं पाडतो. खोकला खोकून दाखवावा लागतो. पोटाला मात्र पुरावा लागत नाही! मोठे झालो, नोकरीला लागलो, तरी फंडा तोच. सोमवारी सकाळी बॉसला मेसेज, 'स्टमक अपसेट, आज घरूनच काम करते.' बॉस बिचारा खोदून विचारत नाही. विचारणार तरी काय?

गंमत अशी, की जी थाप मारायला सगळ्यात सोपी, तेच दुखणं खरं निघालं की सांगताना बोबडी वळते. माझी वळली. तीही सांगलीत, मामीच्या देखत, डॉक्टरबाईंच्या पुढ्यात. आजचा कॉलम त्या बोबडीवर.

एक पोट, सहा डॉक्टर

त्याचं झालं असं. मामेबहिणीचा साखरपुडा होता, रविवारी, सांगलीत. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून साताऱ्याला घरी पोचले. आई, बाबा आणि आज्जी रविवारी पहाटे गाडीनं निघणार होते. मला मेंदी चुकवायची नव्हती, म्हणून मी शनिवारी दुपारच्या एसटीनं पुढे जायचं ठरलं.

शनिवारी सकाळी उठले तीच पोटात काहीतरी विचित्र घेऊन. बेंबीच्या आसपास. नक्की कुठे म्हणाल तर बोट ठेवता येईना. कळ नाही, मुरडा नाही, नुसतं एक बोथट दुखणं. आणि भूक गायब! बाबांनी सांगलीला न्यायला कंदी पेढ्यांचे बॉक्स आणले होते. त्यातला एक समोर धरला, तर मला उमासा आला. साताऱ्याची मुलगी पेढ्याला नाही म्हणते, तेव्हाच घरच्यांनी ओळखायला हवं होतं.

पण ओळखलं प्रत्येकानं, आपापल्या परीनं. आई म्हणाली, "रात्री निघताना पुण्यात काहीतरी तिखटजाळ खाल्लं असशील, दुसरं काय!" बाबा म्हणाले, "गॅस." आज्जी म्हणाली, "बेंबी सरकलीया. जरा पोट मळून देते आणि चमचाभर एरंडेल घे." फोनवर मैत्रीण म्हणाली, "पीरियड्स यायचे असतील गं, गरम पाण्याची पिशवी घे." फॅमिली ग्रुपवर सांगलीहून मामाचा मेसेज, 'मुतखडा असेल. भरपूर पाणी पी.' आणि सहावी मी. माझं निदान, स्ट्रेस. दोन लेख द्यायचे राहिले होते ना!

एका पोटाला सहा डॉक्टर. आणि एकानंही पोटाला हात लावलेला नव्हता. आज्जी लावणार होती, पण मी पळाले. (नंतर कळलं, ते बरंच झालं. आतडं सुजलेलं असताना पोट रगडणं किंवा जुलाबाचं औषध देणं हा धोक्याचा प्रकार आहे. सुजलेला भाग फुटू शकतो.) पर्समधली पेनकिलर घेतली, वर ॲसिडिटीची गोळी घेतली आणि सातारा स्टँडवर जाऊन खिडकीची सीट पकडली.

स्पीडब्रेकरची टेस्ट

कराडपर्यंत ठीक होतं. गोळीचा असर असेल. कराड सोडलं आणि लक्षात आलं, की दुखण्यानं घर बदललंय. बेंबीपाशी आता काहीच नव्हतं. दुखत होतं खाली, उजव्या बाजूला. आणि आता बोट ठेवून दाखवता येत होतं.

पेठ नाक्याला बस हायवे सोडून सांगलीच्या रस्त्याला लागली. मग सुरू झाले स्पीडब्रेकर. एरवी मी या रस्त्यावर छान झोपते. त्या दिवशी प्रत्येक धक्क्याला पोटात कुणीतरी सुई खुपसल्यासारखं होत होतं. आष्टा येईस्तोवर मी पुढच्या सीटचा दांडा धरून पोटाशी वाकून बसले होते. पुढचा ब्रेकर दिसला की श्वास रोखून धरायचा, बस आदळली की सोडायचा. कंडक्टरकाका म्हणाले, "ताई, गाडी लागतीय का? पिशवी देऊ?"

गाडी लागत नव्हती. बस माझी तपासणी करत होती!

थट्टा नाही ही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०१२ च्या नाताळ अंकात याच विषयावर एक अभ्यास छापून आलाय. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय असलेल्या पेशंटना विचारलं, की इकडे येताना स्पीडब्रेकरवर पोटात जास्त दुखलं का? ज्या ३४ जणांचं अपेंडिक्स खरोखरच सुजलेलं निघालं, त्यातले ३३ 'हो' म्हणाले होते. आता लगेच निष्कर्ष काढू नका. दुसरंच काही झालेले बरेच जणही 'हो' म्हणाले होते. म्हणजे धक्क्याला दुखलं की अपेंडिक्सच, असं नाही. पण धक्क्याला अजिबात दुखलं नाही, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते.

कारण सरळ आहे. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं. सुजलेलं अपेंडिक्स त्या अस्तराला टेकलं की तेही चिडतं, आणि मग हलवलं की दुखतं. खोकला, शिंक, जिन्याची पायरी, पेठ-सांगली रस्ता, काहीही चालतं.

"काकू, जरा बाहेर बसता?"

मामीनं दारातच पकडलं. "अगं, अशी कुबड काढून का चालतीयेस?" मेंदीवाली आतल्या खोलीत वाट बघत होती. मामीनं एक नजर माझ्या चेहऱ्याकडे टाकली, पायात चप्पल सरकवली आणि रिक्षा थांबवली. दहा मिनिटांत आम्ही एका हॉस्पिटलात डॉक्टरबाईंसमोर बसलो होतो.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत. मला वाटलं, आता पोट दाबतील आणि सोनोग्राफीची चिठ्ठी देतील. पण त्यांनी पेन उघडलं आणि प्रश्नच सुरू केले. कधीपासून? पहिल्यांदा कुठे दुखलं? तिथेच आहे की सरकलं? कळ येते-जाते की सलग? भूक आहे? उलटी? आधी दुखणं की आधी उलटी? जुलाब? लघवीला जळजळ? थंडी-ताप? आधी कधी असं झालं होतं? कसली गोळी घेतलीस का?

"नाही," मी म्हणाले. गोळीची लाज कसली, ते मलाही माहीत नाही. मनाने औषध घेतलं म्हणून बोलणी बसतील, एवढंच डोक्यात आलं.

"पाळी कधी आली होती?"

"झाली की... मागच्या महिन्यात."

"तारीख?"

मी छताकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "प्रेग्नन्सीची काही शक्यता?"

मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाली, "छे हो डॉक्टर! लग्न व्हायचंय अजून तिचं."

आणि मी, वय वर्षं अठ्ठावीस, मासकॉमची डिग्री, दर आठवड्याला या पानावर तुम्हाला बिनधास्त जगायचे सल्ले देणारी मी, खाली मान घालून म्हणाले, "नाही."

डॉक्टरबाईंनी पेन मिटलं. "काकू, जरा बाहेर बसता? मला हिला तपासायचंय." दार लागलं. त्या माझ्याकडे वळल्या. "आता पुन्हा विचारते. मला तुझं लग्न जमवायचं नाहीये, पोट बघायचंय. शक्यता आहे?"

मग सगळं बाहेर आलं. पाळी नऊ दिवस पुढे गेलीय. शक्यता आहे. आणि सकाळपासून दोन पेनकिलर घेतल्यात. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "बरं," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. "तू सज्ञान आहेस. यातलं तू सांगितल्याशिवाय बाहेर कुणाला काही कळणार नाही."

एवढंच. आणि याच्यासाठी मी खोटं बोलले होते!

त्या 'नाही'ची किंमत काय असते, ते त्यांनी नंतर सांगितलं. कधी कधी गर्भ गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजतो. नळी त्याच्यासाठी बनलेलीच नसते, ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. त्याची सुरुवात दिसते कशी? पाळी थोडी पुढे गेलेली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय. म्हणजे साधारण माझ्यासारखीच. फरक ओळखायचा तर आधी ती शक्यता डॉक्टरांच्या यादीत असायला हवी. म्हणूनच पोटात दुखणाऱ्या तरुण बाईची प्रेग्नन्सी टेस्ट बहुतेक डॉक्टर करतातच. तो तुमच्या चारित्र्यावर शेरा नसतो. पण टेस्ट झाली नाही, आणि पेशंटचं 'नाही' खरं धरून चाललं, तर?

पोटाचा नकाशा

मग तपासणी. आधी खोकायला सांगितलं. मग डाव्या बाजूनं हात फिरवत आल्या. डावीकडे दाबलं तर दुखलं उजवीकडे! मग कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत एक रेघ आहे असं समजून, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट टेकवलं. मी टेबलावरून उडालेच. त्या जागेला मॅकबर्नी पॉइंट म्हणतात. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जननी १८८९ मध्ये ती दाखवून दिली, म्हणून तिला त्यांचं नाव. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, पण बोट अजून तिथेच पडतं.

आणि सकाळी दुखणं बेंबीपाशी का होतं? अपेंडिक्सच्या नसा आणि बेंबीजवळच्या कातडीच्या नसा मणक्यात साधारण एकाच मजल्यावर पोचतात. मेंदूला वाटतं, बेंबीच दुखतेय. पुढे सूज वाढून अस्तरापर्यंत गेली, की खरा पत्ता कळतो. म्हणून 'आधी कुठे आणि मग कुठे' हा प्रश्न इतका महत्त्वाचा.

मामाच्या मुतखड्याचा निकालही तिथेच लागला. खड्याची कळ बहुतेक वेळा पाठीतून, बरगडीखालून सुरू होते आणि पुढे जांघेकडे उतरते. लाटा आल्यासारखी येते. मुख्य म्हणजे, खड्याचा पेशंट एका जागी बसूच शकत नाही. येरझाऱ्या घालतो, लोळतो, उठतो. अस्तर चिडलेला पेशंट मात्र दगडासारखा पडून राहतो, कारण हललं की दुखतं. "दारातून कोण कसं चालत आलं, त्यावरून अर्धं समजतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे मामीचं 'कुबड काढून का चालतीयेस' हेच त्या दिवसातलं पहिलं बरोबर निरीक्षण होतं.

बाकीच्या शक्यताही त्यांनी बोटांवर मोजल्या. मधोमध, खाली, आणि लघवीला जळजळ असेल तर मूत्राशयाचं इन्फेक्शन. अंगावरून पांढरं जातंय, ताप आहे, खाली दोन्ही बाजूंना दुखतंय, तर गर्भनलिकांची सूज. एकदम, अचानक, सहन होणार नाही अशी एका बाजूची कळ आणि उलट्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. नाहीतर मग साधा बद्धकोष्ठ!

एकच रेघ

लघवीची तपासणी, रक्ताची तपासणी, प्रेग्नन्सी टेस्ट. पट्टीवर एकच रेघ आली. निगेटिव्ह. नऊ दिवसांचं टेन्शन पाच मिनिटांत खल्लास. (ती पट्टी मेडिकलमध्ये चॉकलेटच्या किमतीत मिळते. मी नऊ दिवस का घेतली नाही, हा वेगळ्या कॉलमचा विषय आहे.) रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. मग सोनोग्राफीची खोली. भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. त्याच्याखाली थंडगार जेल पोटावर घेऊन मी पडले. दोन्ही अंडाशयं ठीक. अपेंडिक्स नऊ मिलिमीटर जाड. सहाच्या वर गेलं की सुजलंय असं धरतात.

"बघा, शेवटी मशीननंच सांगितलं," मी म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या. त्यांचं म्हणणं, सोनोग्राफीत अपेंडिक्स दर वेळी दिसतंच असं नाही. आतड्याच्या मागे लपतं, गॅस आडवा येतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोट नॉर्मल, असं समजून घरी जायचं नसतं. मग काही तासांनी पुन्हा तपासतात, गरज पडली तर सीटी स्कॅन करतात. मशीनला काय शोधायचं ते आधी कुणीतरी सांगावं लागतं. आणि ते डॉक्टरला सांगणार कोण? तर आपण.

माझ्यापुढे दोन रस्ते ठेवले गेले. एक, दुर्बिणीतून ऑपरेशन. दुसरा, नुसती अँटिबायोटिक्स. साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सला हल्ली तोही पर्याय देतात. २०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्या-इंजेक्शनांवर ठेवलेल्या दर १० पैकी साधारण ३ जणांचं ऑपरेशन पुढच्या ९० दिवसांत करावंच लागलं. म्हणजे १० पैकी ७ जण तेवढ्यात तरी सुटले. मी फ्रीलान्सर माणूस. पुन्हा कधीतरी डेडलाइनच्या दिवशी हे उपटलं तर? मी म्हटलं, काढून टाका. साताऱ्याहून आई-बाबा रात्रीच धावत आले. फॉर्मवर सही मात्र मी माझी केली.

रविवारी साखरपुडा झाला. मी व्हिडिओ कॉलवर, हाताला सलाईन, पोटावर तीन छोट्या पट्ट्या, आणि मेंदी शून्य.

मामाचा इतिहास

संध्याकाळी मामा आला. मामा इतिहासाचा मास्तर, मुतखड्याचं निदान चुकलं म्हणून थोडा ओशाळलेला. भरपाई म्हणून गोष्ट सांगायला बसला.

"अपेंडिक्स म्हणजे काय साधं वाटलं का? गांधीजींचं काढलं होतं, आपल्या पुण्यात." १९२४ चा जानेवारी. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, वय ५४. पोटात दुखायला लागलं, ताप आला. अपेंडिक्सचं निदान झालं आणि १२ जानेवारीला त्यांना ससूनमध्ये हलवलं. मुंबईहून त्यांच्या ओळखीचे डॉक्टर बोलवायचं घाटत होतं, पण तेवढी वाट बघण्यासारखी स्थिती नव्हती. शेवटी कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननी त्याच रात्री ऑपरेशन करायचं ठरवलं. ज्या सरकारनं तुरुंगात टाकलं, त्याच सरकारचा डॉक्टर! आणि पेशंट कोण? तर 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरांवर आणि हॉस्पिटलांवर कडक टीका केलेला माणूस. तरी त्यांनी संमतीच्या पत्रावर सही केली. ऑपरेशन चालू असताना वादळात वीज गेली, आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. पेशंट वाचला. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडूनही दिलं.

"अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा," मामा म्हणाला. "सोनोग्राफी तर नव्हतीच. पेशंटनं काय सांगितलं आणि डॉक्टरच्या बोटांना काय लागलं, एवढ्यावरच सगळं." मग त्याची गाडी अर्थातच मिरजेवर गेली. सांगलीत कुणीही आजारी पडलं की ती जातेच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तिथपासून त्यानं सुरुवात केली. मी पेनकिलरच्या गुंगीत झोपून गेले. या वेळची पेनकिलर डॉक्टरांनी मोजून दिलेली होती. हॉस्पिटलात दिलेल्या वेदनाशामकानं निदान बिघडत नाही, हे आता मान्य झालंय. घोळ होतो तो आपण घरी गोळ्या गिळत दिवस काढतो, आणि नंतर ते सांगत नाही, तेव्हा.

मामीचं पोट

त्या रात्री सोबतीला मामी राहिली. लाइट घालवला, खाली सतरंजी टाकली. बराच वेळ शांतता. मग अंधारातून आवाज आला.

"डॉक्टरबाईंनी मला बाहेर का बसवलं, ते कळलं हो मला."

मी गप्प.

"विचारणार नाही मी काही. भिऊ नकोस." थोडा वेळ गेला. "मला इतकंच वाटलं, की माझ्या वेळी कुणीतरी असं सासूबाईंना बाहेर बसवायला पाहिजे होतं."

मग ती बोलत राहिली. लग्न झाल्यापासून पाळीच्या चार दिवसांत ती कशी अंथरुणाला खिळते. डॉक्टरकडे गेली की कायम सोबत कुणीतरी. आधी सासूबाई, म्हणजे माझी सांगलीची आज्जी, नंतर मामा. डॉक्टर विचारणार, पाळीत दुखतं का? सासूबाई उत्तर देणार, 'बायकांचं दुखणं ते, सगळ्यांनाच असतं.' पुढचं सांगायला तिला तोंडच नव्हतं. पाळीच्या दिवसांत संडासला जाताना डोळ्यांत पाणी येतं. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी दुखतं. "हे तुझ्या मामासमोर मी डॉक्टरला कसं सांगणार होते गं? मग काय, पाळी आली की गोळी. बावीस वर्षं झाली."

तीन आठवड्यांनी मामी मिरजेला एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आली. मामा दारापर्यंत गेला आणि बाहेर बाकावर बसला. मामीनंच बसवला. आत तिनं सगळं सांगितलं, अगदी संडासपासून. तपासणी आणि सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट निघाली. नाव गोड असलं तरी आत साकळलेलं रक्त असतं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, पाळीच्या चक्राबरोबर सुजतात, शेजारच्या अवयवांना चिकटवून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर किती मुली आहेत, मोजा. पाळीत थोडं दुखणं वेगळं. दर महिन्याला रजा टाकायला लावणारं दुखणं 'नॉर्मल' नसतं. आणि सोनोग्राफी कधी कधी यातही कोरी येते, म्हणून इथेही हकीकतच जास्त बोलते.

मामीला गोळ्या सुरू झाल्यात. बावीस वर्षं 'बायकांचं दुखणं' या नावावर खपलेल्या गोष्टीला तिचं खरं नाव मिळालंय. फोनवर म्हणाली, "बरं वाटतंय का म्हणशील तर अजून थोडंच. पण मी सोंग करत नव्हते, हे आता मामाला कळलं."

मुलांनो, तुम्हीसुद्धा!

हे सगळं 'लेडीज स्पेशल' आहे असं समजून पान उलटू नका. अचानक ओटीपोटात जोराची कळ, मळमळ, आणि एका अंडकोषात दुखतंय किंवा सूज आहे? तिथे पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर अंडकोष वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्यानं घसरते. आणि कितीतरी मुलं डॉक्टरला फक्त 'पोटात दुखतंय' सांगतात, कारण खरी जागा सांगायची लाज वाटते. तुमची बोबडी आमच्यापेक्षा वेगळी नाही!

तर पोटात दुखलं, की डॉक्टरकडे जाण्याआधी एवढं मोबाइलमध्ये टिपून घ्या :

– कधी सुरू झालं. हळूहळू की एकदम?
– आधी कुठे, आता कुठे. बोटानं दाखवता येतंय का?
– सलग की लाटांसारखं? हललं की वाढतं, की हलल्याशिवाय राहवत नाही?
– भूक, उलटी, ताप, संडास, लघवी.
– शेवटच्या पाळीची तारीख. आणि प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर 'हो'.
– आतापर्यंत घेतलेली प्रत्येक गोळी. आज्जीच्या काढ्यासकट.
– सोबत कुणी असेल आणि सांगता येत नसेल, तर एकच वाक्य पुरतं, 'डॉक्टर, मला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय.'

आणि थांबायचं नाही कधी? दुखणं तासागणिक वाढतंय, पोट लाकडासारखं कडक झालंय, चक्कर येतेय, सारख्या उलट्या होताहेत, ताप चढतोय, लघवीच होत नाहीये, उलटीत किंवा संडासात रक्त आहे, किंवा पाळी चुकलीय आणि एका बाजूला दुखतंय. यातलं काहीही असेल तर 'सकाळी बघू' नाही. रिक्षा, मित्राची गाडी, नाहीतर १०८ नंबर, जे लवकर मिळेल ते.

आता शेवटचं. ऑपरेशननंतर सोमवारी मी संपादकांना मेसेज टाकला, 'सर, कॉलम उशिरा देते. पोटात दुखतंय.' लगेच उत्तर आलं, 'हो का? वा, छान कारण. बुधवारपर्यंत चालेल.'

चूक त्यांची नाही. याआधी चारदा मी हेच कारण दिलं होतं.